न दिसलेले वाघ कसे मोजतात?

बुद्धपौर्णिमा झाली की आपल्याकडे ठरलेली बातमी येते: पाणवठ्यांवरच्या प्रगणनेत इतके वाघ, इतके बिबट, इतकी अस्वलं. लगेच चर्चा सुरू होते, यंदा वाघ वाढले की घटले? मचाणावरची ती रात्र जरूर अनुभवावी, पण ती वाघांची मोजणी नव्हे. रात्री एका पाणवठ्यावर आलेला वाघ पहाटे दुसऱ्यावर गेला की कागदावर दोन होतात. आदल्या दिवशी पाऊस पडला तर डबकी भरतात आणि पाणवठ्यावर कोणी फिरकतच नाही.

पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजत. राजस्थानातल्या सरिस्कात कागदोपत्री वाघ होते, २००५ साली प्रत्यक्षात एकही सापडला नाही. ती पद्धत मागे पडली आणि २००६च्या गणनेपासून देशभर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे, आले. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर, साधारण गुडघ्याच्या उंचीला, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन अशासाठी की वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. पट्टे म्हणजे माणसाच्या अंगठ्याचा ठसाच, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत.

पण कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचं काय? मला या शास्त्रातला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

समजा, पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत १५ आले आणि पट्टे जुळवल्यावर त्यांतले १० ओळखीचे निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या दर तीन वाघांपैकी दोन पहिल्या फेरीत आलेले होते. याचा अर्थ पहिल्या फेरीने जंगलातले दोनतृतीयांश वाघ टिपले. २० हे दोनतृतीयांश, तर एकूण ३०. फोटोत आलेले वेगवेगळे वाघ २५, म्हणजे पाच वाघ एकदाही न दिसता मोजले गेले! डेन्मार्कच्या पीटरसन यांचा हा विचार मुळात माशांसाठीचा. वाघांसाठी तो कॅमेऱ्याशी जोडला तो वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी, कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात, १९९०च्या दशकात.

यात अटी आहेत. फेऱ्यांच्या दरम्यान वाघ बाहेर जाऊ नयेत, नवे येऊ नयेत. विदर्भात हे अवघडच. यवतमाळच्या टिपेश्वरहून २०१९मध्ये निघालेला, गळ्यात माग काढणारी रेडिओ कॉलर असलेला वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला, त्याची भटकंती ३,००० किलोमीटरच्या घरात भरली. म्हणून फेऱ्या थोड्या दिवसांत उरकतात. शिवाय सीमेवरच्या वाघाचा निम्मा वावर कॅमेऱ्यांबाहेर असतो. तेव्हा प्रत्येक वाघाच्या वावराचं एक मध्य मानून, कॅमेरा त्यापासून जितका दूर तितकी टिपला जाण्याची शक्यता कमी, असं गणित मांडतात आणि त्यातून वाघांची घनता काढतात. महाराष्ट्राचा २०२२चा ४४४ हा आकडा म्हणूनच अंदाज आहे, हजेरीपट नव्हे.

याच फोटोंवरून जप्त केलेलं कातडं कुठल्या वाघाचं, हेही कळू शकतं. वाघनख गळ्यात घातलं की बळ येतं, असं अजूनही मानलं जातं. ते केराटिनचं असतं, आपल्या नखांसारखंच. त्यात कसलंही बळ नाही, तुरुंगवास मात्र आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर, मूल, सिंदेवाहीकडच्या पोरांना वाघाची वाट, नाला, मोहाखालची खूण कोणी शिकवावी लागत नाही. कॅमेरे बांधायला रोजंदारीवर तीच जातात. पट्टे जुळवायला, आकडे सोडवायला मात्र बाहेरचे येतात, हे मला खुपतं. जीवशास्त्र घेतलं की गणिताला रामराम, ही आपली सवयच त्याला कारण. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी आहे. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, दोन्हीकडे वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करता येते आणि दोन्हीकडे संख्याशास्त्र शिकावंच लागतं.