पार्श्वभूमी : उन्हाच्या चट्ट्यांवर जुनंच मलम सरस कसं ठरलं

कोल्हापूर भागात उसाच्या रानात राबणाऱ्या बहुतेकांना ऊन रापवतं, पण ॲक्टिनिक केराटोसिस, म्हणजे उन्हाने त्वचेवर उठणारे खरबरीत चट्टे, सहसा देत नाही. त्वचेतलं मेलॅनिन त्यांना सांभाळतं. ज्यांच्या त्वचेत ते जन्मतःच नाही, त्या अल्बिनिझम असलेल्या माणसांना मात्र तरुणपणीच कपाळावर, कानाच्या पाळीवर, खालच्या ओठावर खरबरीत चट्टे उठू लागतात. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखे लागतात. फारसे दुखत नाहीत, त्यामुळे दाखवायला कुणी जात नाही. यातले थोडेच चट्टे पुढे कर्करोगाकडे वळतात, पण कुठला वळेल हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून उपचार सगळ्यांवरच करायचे असतात.

उन्हाशी या चट्ट्यांचं नातं फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ विल्यम द्युब्रॉय यांनी 1896 मध्ये लंडनच्या परिषदेत मांडलं. त्याच सुमारास जर्मनीत उना हे डॉक्टर खलाशांच्या उन्हाने जून झालेल्या कातडीबद्दल लिहीत होते. कारण कळलं, पण हातात इलाज कुठला? चट्टा खरवडायचा, कापायचा नाहीतर जाळायचा.

मग थंडी आली. 1899 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइट यांनी त्वचारोगांवर द्रवरूप हवा वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि 1950 मध्ये ॲलिंग्टन यांनी कापसाच्या बोळ्याने द्रव नायट्रोजन लावायची पद्धत मांडली. उणे 196 अंशांचा हा द्रव आपल्याकडच्या दूध उत्पादकांच्या रोजच्या ओळखीचा आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच्याच टाकीतून येतात. एकदोन चट्टे असतील तर आजही हाच सोपा मार्ग. मात्र रंग तयार करणाऱ्या पेशी थंडीने लवकर मरतात. सावळ्या चेहऱ्यावर मागे पांढरा डाग राहतो, आणि त्याला कोड समजून लोक काय काय बोलतात हे आपल्या गावांत वेगळं सांगायला नको. शिवाय दिसणारा चट्टा गोठतो, पण त्याच्या आजूबाजूची उन्हाने बिघडलेली आणि अजून वर न आलेली त्वचा तशीच राहते.

सगळ्या भागावर एकदम उपचार करण्याची वाट सापडली ती ध्यानीमनी नसताना. उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरासिल हा घटक निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढतात, असं 1954 मध्ये दिसलं होतं. त्यावरून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या चार्ल्स हायडेलबर्गर यांनी युरासिलचा एक नकली भाऊबंद तयार करवला : 5-फ्लुरोयुरासिल. 1957 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पेशी ते खरं समजून उचलते आणि तिथेच तिची डीएनए बनवण्याची प्रक्रिया अडते. औषध होतं पोटातल्या कर्करोगांसाठी, शिरेतून द्यायचं. पण 1962 मध्ये फाल्कसन आणि शुल्झ या डॉक्टरांनी नोंदवलं, की ते घेणाऱ्यांच्या अंगावरचे उन्हाचे चट्टे आधी लाल होतात. पाठोपाठ त्याचं मलम करून थेट त्वचेवर वापरून पाहिलं गेलं. निरीक्षण म्हणतात ते हे! दुसऱ्याच आजारासाठी आलेल्या रुग्णाच्या कातडीकडे कुणीतरी नीट पाहिलं.

पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत रांग वाढत गेली : प्रकाशाने जागं होणारं औषध लावून त्यावर दिवा धरण्याची फोटोडायनॅमिक थेरपी, प्रतिकारशक्ती चाळवणारं इमिक्विमॉड, तीनच दिवस लावायचं इंजेनॉल मेब्युटेट. प्रत्येकाची परीक्षा बहुतेक वेळा औषध नसलेल्या मलमाशी झाली. एकमेकांशी लावून पाहायला फार उशीर झाला, आणि मला हे खटकतं, कारण रुग्णाचा प्रश्न पहिल्यापासून एकच होता : यातलं कुठलं घेऊ?

त्याचं चांगलं उत्तर 2019 मध्ये नेदरलँड्समधून आलं. डोक्याच्या एकाच भागावर किमान पाच चट्टे असलेल्या 624 जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं चार उपचारांत वाटलं. उपचार संपून वर्ष झाल्यावरही किमान तीन चतुर्थांश चट्टे गेलेलेच असणं, हे यश मानलं. 5-फ्लुरोयुरासिलने ते शंभरात सुमारे 75 जणांना मिळालं, इमिक्विमॉडने 54, प्रकाशोपचाराने 38 आणि इंजेनॉलने 29 जणांना. म्हणजे सर्वांत जुनं औषध पहिलं आलं. शेवटच्या इंजेनॉलची युरोपातली मान्यता पुढे 2020 मध्ये गेली. ते लावलेल्या भागात त्वचेचे कर्करोग जास्त आढळल्याने चिंता उठली होती. त्याआधी 2018 मध्ये अमेरिकेतल्या 932 माजी सैनिकांवरच्या अभ्यासातही चेहऱ्याला आणि कानांना फ्लुरोयुरासिल लावणाऱ्यांत शस्त्रक्रिया करावी लागणारा स्क्वॅमस कर्करोग (त्वचेच्या वरच्या थरातला) पहिल्या वर्षात 75 टक्क्यांनी घटला होता.

पण हे मलम सोसावं लागतं. डच अभ्यासात ते दिवसातून दोनदा, चार आठवडे लावायचं होतं. त्या काळात चेहरा लालभडक होतो, सोलतो, खपल्या धरतो. हे डॉक्टरांनी आधी नीट सांगितलं नाही, तर माणूस आठव्या दिवशी ट्यूब फेकून देणार. गरोदर बाईला ते चालत नाही.

शिवाय हे अभ्यास मुख्यतः गोऱ्या लोकांवर झालेत. अल्बिनिझम असलेल्या आपल्या शेतकऱ्याला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्याला चट्टे लवकर येतात आणि रानातलं ऊन सुटत नाही. त्याच्या बाबतीत जाड झालेला, रक्त येणारा किंवा दुखरा चट्टा असेल, तर मलमाआधी तुकडा तपासायला पाठवावा. आणि चामखीळ समजून त्यावर चुना तर अजिबात लावू नये.