कॅथेटरच्या उत्पादन परवान्याचा अर्ज नेमका कुठे अडतो

कॅथेटरचा, म्हणजे शरीरात घालायच्या बारीक नळीचा, नमुना तयार आहे, चाचण्या झाल्यात, आता परवान्याचा अर्ज तेवढा भरायचाय, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो: चाचणीचे नमुने कोणत्या परवान्यावर बनवले? बहुतेकांकडे उत्तर नसतं.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यांनुसार विकायला नव्हे, नुसतं तपासायला उपकरण बनवायचं असेल तरी चाचणी परवाना लागतो. अर्ज एमडी-१२ या फॉर्ममध्ये, परवाना एमडी-१३ या फॉर्ममध्ये, फी दर उपकरणामागे ५०० रुपये. एवढ्या स्वस्त कागदापायी लाखोंच्या चाचण्या पणाला लागतात. कारण मुख्य अर्ज तपासताना अहवालातल्या नमुन्यांची बॅच कधीची आहे हे बघितलं जातं, आणि ती चाचणी परवान्याच्या आधीची निघाली की अहवाल कितीही चांगला असला तरी शंकापत्र येतं. या परवान्याची मुदत तीन वर्षं. ती परवान्याच्या तारखेपासून मोजायची, पहिली बॅच निघाली त्या दिवसापासून नव्हे. इथे बरेच जण चुकतात.

दुसरा घोळ वर्गाचा. धोका जितका जास्त तितका वर्ग वरचा: ए सगळ्यात कमी, डी सगळ्यात जास्त. ए आणि बी वर्गाचे अर्ज राज्याच्या परवाना प्राधिकरणाकडे (महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन), सी आणि डी वर्गाचे केंद्राकडे, म्हणजे सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामक संस्थेकडे. वर्ग नळीच्या जाडीवर ठरत नाही, किमतीवर तर नाहीच. ती कुठवर पोहोचते, आत किती वेळ राहते आणि कशासाठी वापरतात, यावर ठरतो. हाताच्या शिरेत काही दिवस राहणारी नळी सहसा बी वर्गात बसते. पण हृदयातला किंवा महाधमनी, कोरोनरी (हृदयाची), कॅरोटिड (मानेतली) अशा मध्यवर्ती वाहिन्यांतला दोष शोधायला वा दुरुस्त करायला नळी खास बनवली असेल, तर ती दहाच मिनिटं आत राहिली तरी डी वर्ग. म्हणून अर्जातलं वापराच्या हेतूचं वाक्य सगळ्यात जपून लिहा. ‘सर्व प्रकारच्या रक्तवाहिन्यांसाठी उपयुक्त’ हे जाहिरातीला शोभतं, अर्जात ते उगाच वरच्या वर्गात ढकलतं आणि मग त्या प्रत्येक वाहिनीसाठी पुरावा मागितला जातो.

तुमच्यासारखंच उपकरण भारतात आधी मंजूर झालेलं आहे का, हेही आधीच शोधून ठेवा. हेतू, साहित्य आणि रचना या तिन्हींत साम्य दाखवावं लागतं. परदेशात विकलं जातं, एवढ्याने भागत नाही. साम्य दाखवता आलं नाही तर वाट बदलते: वैद्यकीय अन्वेषणाची (माणसांवरच्या चाचणीची) परवानगी एमडी-२२ मधून, उपकरणाची परवानगी एमडी-२६ मधून.

डी वर्गासाठी एमडी-७ हा अर्ज ऑनलाइन भरायचा. कारखान्याच्या जागेसाठी ५०,००० रुपये, शिवाय दर उपकरणामागे १,०००. सोबत प्लांट मास्टर फाइल (कारखान्याची माहिती), डिव्हाइस मास्टर फाइल (उपकरणाची रचना, चाचण्या, पुरावे), गुणवत्ता व्यवस्थापनाची कागदपत्रं, जोखीम विश्लेषण, लेबलांचे मसुदे, फर्मची आणि जागेची कागदपत्रं. तपासणी होते, सगळं पटलं की एमडी-९ मध्ये परवाना मिळतो. एक किरकोळ वाटणारी गोष्ट: देखरेखीसाठी नेमलेल्या पदवीधराला वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादनाचा किंवा चाचणीचा किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. औषध कंपनीतला दाखला जोडून ‘चालून जाईल’ म्हणू नका.

खरी अडचण डिव्हाइस मास्टर फाइलमध्ये असते. ज्या वस्तूचा अर्ज, त्याच वस्तूची चाचणी, एवढी साधी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अहवाल नुसत्या नळीचा असतो आणि विकायची वस्तू हब (नळीच्या बाहेरच्या टोकाचा जोडभाग), डिंक, वेणीदार तार, निसरडा लेप असं सगळं घेऊन निर्जंतुक झालेली असते.

ताण-चाचणीच बघा. आयएसओ १०५५५-१ या कॅथेटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात तुटण्यापूर्वी नळीने किमान किती बल सोसावं हे बाहेरच्या व्यासानुसार दिलंय: ०.७५ ते १.१५ मिमीपर्यंत ५ न्यूटन, १.१५ ते १.८५ पर्यंत १०, त्यापुढे १५. सहा फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी २ मिमीची, म्हणजे १५ न्यूटन. पण अहवालात मधलाच तुकडा ताणलेला असतो. हबचा जोड आणि मऊ टोकाकडचा जोड तपासलेलाच नसतो, आणि नळी सुटते ती जोडावरच. अधिकारी इथे अडवतात तेव्हा त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तुटलेला तुकडा रक्तवाहिनीत राहतो.

जैविक सुसंगततेचंही तेच. प्लास्टिकचे दाणे पुरवणाऱ्याचं ‘मेडिकल ग्रेड’ प्रमाणपत्र हे आयएसओ १०९९३ (जैविक सुसंगततेचं मानक) च्या अहवालाला पर्याय नाही. क्ष-किरणांत दिसण्यासाठी घातलेलं बेरियम सल्फेट, रंग, डिंक आणि निर्जंतुकीकरणानंतर उरलेला वायू, हे सगळं तयार वस्तूत असतं, दाण्यांत नसतं. रक्ताशी संपर्क असल्यामुळे रक्तपेशी फुटतात का, गुठळी धरते का, हेही दाखवावं लागतं.

ईटीओ, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण, बाहेरून करून घेणारे त्या कंपनीचं प्रमाणपत्र जोडतात आणि निश्चिंत होतात. ते प्रमाणपत्र त्यांच्या चेंबरचं, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या मालावर केलेलं. तुमच्या सर्वांत लांब आणि अरुंद पोकळीच्या नळीत वायू शेवटपर्यंत पोहोचतो, हे तुम्हालाच सिद्ध करायचंय. उरलेल्या इथिलीन ऑक्साइडचा आकडाही लागतो: संपर्क २४ तासांपर्यंतचा असेल तर मर्यादा ४ मिलिग्रॅम.

टिकाऊपणाच्या मुदतीत साधा हिशोब चुकतो. मुदत लवकर तपासायला माल जास्त तापमानात ठेवून मुद्दाम जुना करतात. दर १० अंशांना वेग दुप्पट धरला तर २५ अंशांऐवजी ५५ अंशांना ठेवलेला माल आठपट वेगाने जुना होतो. म्हणजे एका वर्षासाठी सुमारे ४६ दिवस, तीन वर्षांसाठी १३७. दिवस ४६ आणि लेबलवर तीन वर्षं, अशा फायली सर्रास दिसतात. नेहमीच्या तापमानातला अभ्यासही समांतर चालू ठेवावा लागतो. आणि मुदत साधारणपणे ६० महिन्यांपलीकडे लिहिता येत नाही.

परवाना कायम वैध असतो, हे अर्धंच खरं. दर पाच वर्षं पूर्ण होण्याआधी तो टिकवण्याची फी भरायची असते. चुकली तर दरमहा २ टक्के विलंब शुल्क आणि १८० दिवसांत भरली नाही तर परवाना रद्द झाला असं धरलं जातं. साहित्य, हेतू किंवा निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलायची असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते. किरकोळ बदल ३० दिवसांत कळवले तरी चालतात, मात्र नळीचं साहित्य बदललं तर तो किरकोळ बदल नाही.