गोपनीय शासकीय नोंदी : संशोधनासाठी मागणी-अर्ज

कर, आरोग्य, शिक्षण, रोजगार, न्यायदान, जनगणना अशा कामांसाठी शासन लोकांची व्यक्तिवार माहिती गोळा करते आणि कायद्याने ती गुप्त ठेवते. अशा नोंदींवर लोकहिताच्या संशोधनासाठी काम करू द्यावे, अशी रीतसर मागणी करण्याची प्रक्रिया म्हणजे हा अर्ज. माहितीच्या अधिकाराखाली केलेल्या अर्जाशी त्याची गल्लत होते, पण दोहोंचा पायाच वेगळा आहे. माहितीच्या अधिकारात हाती आलेला कागद नागरिक कोणालाही दाखवू शकतो. इथे नोंदी संशोधकाच्या हाती येतच नाहीत. ठरलेल्या प्रश्नापुरते आणि ठरलेल्या मुदतीत, बहुधा शासनाच्याच बंदिस्त यंत्रणेत बसून त्या वापरण्याची मुभा मिळते. बाहेर येतात ते तपासून सोडलेले तक्ते, आलेख आणि निष्कर्ष.

एकच माहिती साधारणपणे तीन रूपांत असते. प्रकाशित तक्ते सर्वांसाठी खुले असतात. त्याखालच्या पायरीवर नावे, पत्ते काढून टाकलेला आणि तपशील बोथट केलेला नमुना असतो. तो साध्या करारावर मिळू शकतो. सर्वांत खाली मूळ नोंदी : प्रत्येक व्यक्तीची, प्रत्येक वर्षाची, जवळजवळ पूर्ण. अर्जाची खरी गरज या तिसऱ्या पायरीसाठी लागते. वरच्या दोन पायऱ्यांवर भागत असताना तिसरी मागणारे अर्ज परत येतात, आणि ते योग्यच आहे.

गोपनीयतेचे मूळ

या नोंदी गुप्त का, हे समजल्याशिवाय अर्जातल्या अटी निव्वळ अडवणूक वाटतात. माणसे आपले उत्पन्न, आजार, वंश, धर्म शासनाला सांगतात ते त्याचा आपल्याविरुद्ध वापर होणार नाही या भरवशावर. तो भरवसा मोडला की काय होते, हे विसाव्या शतकाने पाहिले आहे. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदवही अत्यंत काटेकोर होती आणि तीत धर्माची नोंद होती. जर्मन ताब्याच्या काळात ज्यू नागरिक शोधून काढायला हीच नोंदवही उपयोगी पडली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतल्या तरुणांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात स्फोट घडवून ती कार्डे जाळायचा प्रयत्न केला. त्यांतल्या बहुतेकांना देहदंड झाला. अमेरिकेत १९४२च्या युद्धकालीन कायद्याने जनगणनेच्या गुप्ततेचे संरक्षण तात्पुरते उठवले, आणि जपानी वंशाच्या लोकांची धरपकड होत असताना जनगणना खात्याने त्यांच्या वस्त्यांचे बारीक तक्ते पुरवले.

आजचे कायदे या अनुभवातून कडक झाले. अमेरिकेच्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तीची माहिती फोडणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ब्रिटनच्या २०१७च्या डिजिटल इकॉनॉमी कायद्यात कमाल शिक्षा २ वर्षांची आहे. कर्मचाऱ्याला लागू असलेली जबाबदारी संशोधकावरही येते. अमेरिकेत त्याला शपथ घ्यावी लागते, आणि ती प्रकल्प संपला तरी आयुष्यभर बांधील राहते.

नाव काढून टाकले म्हणजे माणूस अनोळखी झाला, ही समजूत १९९०च्या दशकात ढासळली. मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड हे तीन रकाने जुळवले आणि राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद ओळखून दाखवली. पुढे २०००मध्ये त्यांनी मांडले की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांच्या बाबतीत एवढे तीन रकाने त्यांना बाकीच्यांतून नेमके वेगळे ओळखायला पुरतात. अर्जात ‘जन्मतारीख कशाला, वय चालणार नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो, त्यामागे हा प्रसंग आहे.

नोंदींचे मोल

धोका एवढा असेल तर नोंदी कायमच्या कुलपात का ठेवू नयेत? कारण कुलपात ठेवण्याचीही किंमत असते, आणि ती अशा लोकांना पडते ज्यांना ती पडली हे कळतही नाही. काही प्रश्न नमुना पाहणीने सुटतच नाहीत. गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध असल्याची भीती पसरली, तेव्हा डेन्मार्कमध्ये १९९१ ते १९९८ दरम्यान जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी एकमेकींना जोडून पाहिल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. २००२मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष काही हजारांच्या नमुन्यावर इतक्या ठामपणे काढता आला नसता. डेन्मार्कला ते जमले, कारण तिथे १९६८पासून प्रत्येक रहिवाशाला एकच क्रमांक आहे आणि लसीकरण, रुग्णालय, शिक्षण या सगळ्या नोंदी त्या क्रमांकाने जुळतात. अमेरिकेत कराच्या नोंदींवरून ४ कोटींहून अधिक मुलांचे मोठेपणीचे उत्पन्न त्यांच्या आईवडिलांच्या उत्पन्नाशी ताडले गेले. गरीब घरातल्या मुलाला वर येण्याची संधी शहरागणिक किती बदलते, हे २०१४मध्ये त्यातून पुढे आले.

अर्ज

देशोदेशीचे नमुने वेगळे असले तरी अर्जाचा गाभा सारखाच. संशोधनाचा प्रश्न, लोकहिताचे समर्थन, हव्या असलेल्या नोंदी आणि रकाने, काळ, पद्धत, काम करणाऱ्या माणसांची यादी, पैसा कोणाचा, निष्कर्ष कुठे प्रसिद्ध होणार, आणि सामान्य वाचकाला कळेल असा एका पानाचा गोषवारा. या गोषवाऱ्याकडे अर्जदार सर्वांत कमी लक्ष देतात. तो सोप्या भाषेत जमत नसेल, तर प्रश्न अजून पक्का झालेला नाही असे खुशाल समजावे.

अर्ज बहुतांशी रकान्यांच्या यादीवर तरतो किंवा बुडतो. ‘उपलब्ध सर्व माहिती मिळावी’ असे लिहिणारा आपला प्रश्न आपल्यालाच माहीत नसल्याची कबुली देतो. प्रत्येक रकान्यापुढे तो कोणत्या गणितात लागणार हे लिहावे लागते. पत्त्याऐवजी जिल्हा, तारखेऐवजी वर्ष, नेमक्या रकमेऐवजी गट चालणार असेल, तर तसेच मागावे. मात्र संकोचाने कमी मागणे हीही चूक आहे. मंजुरीनंतर एखादा रकाना वाढवायचा म्हटले तर दुरुस्ती-अर्ज करावा लागतो, आणि त्यात पुन्हा महिने जातात.

अडचण ही की नोंदी न पाहताच हे सगळे ठरवायचे असते. हाताशी असते ती रकान्यांची माहितीपुस्तिका आणि, नशीब असेल तर, खऱ्या नोंदींच्या धर्तीवर बनवलेल्या कृत्रिम नोंदी. म्हणून अर्ज लिहिण्याआधी नोंदी ठेवणाऱ्या माणसांशी बोलणे हे या प्रक्रियेतले सर्वांत उपयुक्त काम आहे. शासकीय नोंद संशोधनासाठी जन्मलेली नसते. ती कुठला तरी भत्ता देण्यासाठी, कर वसूल करण्यासाठी, खटला चालवण्यासाठी झालेली असते. बेरोजगारांची संख्या एका वर्षी अचानक घटलेली दिसते, तेव्हा लोकांना कामे मिळालेली असतील किंवा भत्त्याचा नियम बदललेला असेल. हे पुस्तिकेत क्वचित लिहिलेले असते. खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाला ते पाठ असते.

‘लोकहित’ सिद्ध करणे प्रत्येक ठिकाणी सारखे नसते. ब्रिटनमध्ये संशोधनाचा फायदा लोकांपर्यंत कसा पोचेल, कोणाचे नुकसान होईल आणि फायदा त्याहून जड का, हे मांडावे लागते. अमेरिकेच्या जनगणना खात्याची अट वेगळी आहे : संशोधनाने खुद्द खात्याच्या सांख्यिकी कामाला काहीतरी लाभ झाला पाहिजे. त्यामुळे तिथले अर्जदार आपल्या प्रश्नाबरोबर नोंदींतल्या उणिवा शोधण्याचे कामही अंगावर घेतात. कुठेही चालत नाही ती गोष्ट एकच : एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घेण्यासाठी, तिला शोधण्यासाठी वा तिच्यावर कारवाई करण्यासाठी या नोंदी वापरणे.

एखाद्या समाजगटावर संशोधन असेल, तर व्यक्तीची ओळख लपवून भागत नाही. गटाची बदनामीही टाळावी लागते. कॅनडातल्या आदिवासी समाजांनी १९९८मध्ये आपल्या माहितीवर मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा आपला असावा अशी चार तत्त्वे मांडली. न्यूझीलंडमध्ये एकत्रित नोंदींचे प्रकल्प तपासताना ‘ङा टिकाङा पाइहेरे’ ही माओरी मूल्यांवर आधारलेली चौकट वापरली जाते. ज्यांच्याबद्दल संशोधन आहे त्यांना आधी विचारले का, हा प्रश्न अनेक समित्या आता अर्जातच घालतात. तो फार पूर्वीच घालायला हवा होता.

छाननी

छाननीसाठी सर्वाधिक वापरली जाणारी चौकट ‘फाइव्ह सेफ्स’ या नावाने ओळखली जाते. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात फेलिक्स रिची यांनी २००३च्या सुमारास ती मांडली. प्रकल्प योग्य आहे का, माणसे भरवशाची आहेत का, काम करण्याची जागा सुरक्षित आहे का, नोंदींतली ओळख पुरेशी पुसली आहे का, आणि बाहेर जाणारे निकाल निर्धोक आहेत का, असे हे पाच प्रश्न. त्यांचे मर्म असे की एक कडी सैल सोडायची तर दुसरी आवळता येते. नोंदी जितक्या बारीक, तितकी जागा बंदिस्त.

फ्रान्समध्ये अर्ज सांख्यिकीय गोपनीयता समितीपुढे जातो. फिनलंडने २०१९च्या कायद्याने आरोग्य आणि समाजकल्याणाच्या नोंदींसाठी ‘फिनडेटा’ हे एकच परवाना कार्यालय उभारले. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक सांख्यिकी खात्याचे दार वेगळे ठोठवावे लागे. २०१८च्या पुराव्याधारित धोरण कायद्यानंतर सर्वांसाठी समान अर्जाची सोय झाली. तरीही मंजुरीला काही महिने लागणे सर्वत्र सामान्य आहे, आणि दोन-तीन खात्यांच्या नोंदी जोडायच्या असतील तर वर्ष उलटते.

बंद खोलीतले काम

मंजुरीनंतर प्रशिक्षण, बहुतेक ठिकाणी परीक्षा, आणि करारावर सही. मग प्रत्यक्ष जागा. अमेरिकेत जनगणना खात्याचे असे पहिले संशोधन केंद्र १९९४मध्ये बॉस्टनला सुरू झाले. फ्रान्सच्या सुरक्षित प्रवेश केंद्राने संशोधकाच्या कार्यालयात बसवायची एक पेटी तयार केली. ती कार्ड आणि बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही, आणि नोंदी मात्र केंद्राच्या सर्व्हरवरच राहतात. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या रोजगार संशोधन संस्थेत संशोधक आपली आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, पाठवतो, ती तिथे चालवली जाते आणि तपासलेला निकाल परत येतो. अशा यंत्रणेत इंटरनेट नसते, छपाई नसते, पडद्याचा फोटो काढणे हा गुन्हा ठरू शकतो.

नवख्याला सर्वांत जास्त अडवते ती शेवटची पायरी, म्हणजे निकालांची तपासणी. एका गावात एकच दंतवैद्य असेल, तर ‘गावातल्या दंतवैद्यांचे सरासरी उत्पन्न’ ही त्या एका माणसाचीच मिळकत. म्हणून तक्त्यातल्या कोणत्याही घरात किमान ठरावीक माणसे असावी लागतात. वजाबाकीचा धोका याहून फसवा. पूर्ण विभागाचा एक तक्ता आणि ते गाव वगळून केलेला दुसरा तक्ता, दोन्ही स्वतंत्रपणे निर्धोक दिसतात. एकातून दुसरा वजा केला की दंतवैद्य उघडा पडतो. कारखान्यांच्या बाबतीत एकाच मोठ्या कारखान्याचा वाटा फार असला तरी आकडा अडतो. न्यूझीलंडमध्ये मोजणीचे आकडे ३च्या पटीत यदृच्छेने वर-खाली करूनच सोडले जातात. शहाणा संशोधक हे नियम अर्ज लिहितानाच डोळ्यांसमोर ठेवतो. नाहीतर वर्षभर राबून केलेला तक्ता खोलीतच राहतो.

आक्षेप

पहिला आक्षेप विषमतेचा आहे. विद्यापीठाच्या कायदा विभागाचे पाठबळ, शुल्क भरण्याची ऐपत आणि वाट पाहण्याची मुभा ज्यांच्याकडे आहे तेच आत शिरतात. डेन्मार्कमध्ये व्यक्तिगत अर्ज चालत नाही, मान्यताप्राप्त देशी संस्थेमार्फतच यावे लागते. पीएच.डी.ची मुदत मंजुरीच्या वाटेतच संपलेले विद्यार्थी अनेक देशांत सापडतील. पत्रकार आणि लहान स्वयंसेवी संस्था जवळजवळ बाहेरच राहतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या खात्याच्या योजनेचे मूल्यमापन करायचे, त्याच खात्याच्या हाती बऱ्याचदा मंजुरी असते. नकाराची कारणे लेखी आणि मुदतीत मिळणे, अपिलाची सोय असणे आणि निर्णय स्वतंत्र समितीकडे असणे, एवढे किमान असायला हवे. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संशोधकांची आणि प्रकल्पांची यादी जाहीर केली जाते. ही पद्धत सर्वांनी घेण्यासारखी आहे. लोकांना अंधारात ठेवल्याने काय होते याचे उदाहरणही ब्रिटनचेच आहे. इंग्लंडमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करणारी ‘केअर डॉट डेटा’ योजना २०१४मध्ये लोकांच्या रोषामुळे थांबवावी लागली आणि २०१६मध्ये गुंडाळली गेली. तिच्यातून चांगले संशोधन होऊ शकले असते. पण घरोघरी टाकलेले पत्रक अनेकांपर्यंत पोचलेच नव्हते, आणि माहिती नेमकी कोणाला मिळणार याचे सरळ उत्तर कोणी दिले नव्हते.

पडताळणीचा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. शास्त्रात एकाचे काम दुसऱ्याने करून पाहायचे असते, पण इथे मूळ नोंदी लेखासोबत जोडता येत नाहीत. अलीकडे संशोधक आपली आज्ञावली जाहीर करतात आणि नोंदींची नेमकी आवृत्ती नमूद करतात. शंका असणाऱ्याने त्याच नोंदींसाठी स्वतः अर्ज करायचा, प्रशिक्षण घ्यायचे, सही करायची आणि मग तीच आज्ञावली पुन्हा चालवून पाहायची. काही नियतकालिके यासाठी स्वतःचा पडताळणीकार नेमतात. प्रकल्प संपल्यावर संशोधकाचे खाते बंद होते, त्याने जोडलेल्या नोंदी ठरलेल्या मुदतीनंतर पुसल्या जातात. म्हणून आज्ञावली जपून ठेवण्याची अट करारातच घालून घेणे इष्ट.