एकतर्फी बोलणारा रिमोट

कोथरूड, बाणेर किंवा सिंहगड रस्त्यावरच्या कुठल्याही बेताच्या फ्लॅटमध्ये टीपॉयवर आज चार-पाच रिमोट सहज सापडतात. टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, साउंडबारचा, एसीचा, आणि नवा, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा बसवला असेल तर त्याचाही. या सगळ्यांऐवजी एकच टचस्क्रीनवाला युनिव्हर्सल रिमोट आणावा असं मग कुणाच्या तरी मनात येतंच. खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘हजारो उपकरणांवर चालतो’. ते सहसा खोटं नसतं. पण आपल्या घरातली पाच उपकरणं चालतील का, आणि चालली तरी महिन्याभरात घरचे पुन्हा जुने रिमोट हुडकायला लागतील का, याचा स्क्रीनच्या आकाराशी काही संबंध नाही. मुख्य अडचण अशी की बहुतेक रिमोट नुसते बोलतात. समोरच्या यंत्राने ऐकलं की नाही, ते यंत्र आत्ता चालू आहे की बंद, हे कळायला त्यांच्याकडे कानच नसतात.

बोलतात कसे, ते आधी पाहू. रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. तो साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश फेकतो. डोळ्यांना तो दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र दिसतो. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त गाळणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फी कॅमेरा वापरावा. रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबलं की पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. खरेदीला निघण्याआधी घरातल्या प्रत्येक रिमोटची ही परीक्षा घ्यावी, आणि एकाच बटणावर न थांबता चार-पाच बटणं दाबून पाहावीत. कारण आजच्या अनेक स्मार्ट टीव्हींच्या रिमोटवर चालू-बंदचं बटण अवरक्त संदेश पाठवतं आणि बाकीची बटणं ब्लूटूथवर चालतात. सेल ताजे असूनही ठिपका दिसला नाही, तर ते बटण रेडिओलहरींवर चालतं असं समजावं.

अवरक्त प्रकाश घरात सगळीकडे असतो. खिडकीतल्या उन्हात असतो, पिवळ्या बल्बमध्ये असतो, देवघरातल्या निरांजनातही असतो. या गर्दीत रिमोटचा आवाज ओळखू यावा म्हणून तो एलईडी सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकवला जातो, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. फिलिप्सच्या जुन्या आरसी-५ पद्धतीत हा आकडा ३६ आहे, सोनीच्या पद्धतीत ४०. टीव्हीच्या गडद प्लॅस्टिकमागे बसलेला ग्राहक (रिसीव्हर) नेमक्या याच गतीच्या लुकलुकीकडे लक्ष देतो आणि बाकी उजेड सोडून देतो.

या लुकलुकीचे छोटे-मोठे तुकडे पाडून संदेश बनतो. सर्वांत जास्त आढळणारी पद्धत एनईसी या जपानी कंपनीच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांचा सलग झोत, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणा येतात. शून्यासाठी झोतानंतरची शांतता आखूड, एकासाठी लांब. ३२ पैकी पहिले ८ बिट म्हणजे पत्ता, कुठल्या यंत्रासाठी हा संदेश आहे तो. पुढचे ८ त्याच पत्त्याची उलटी प्रत, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. मग ८ बिटांचा हुकूम आणि त्याचीही उलटी प्रत. दोन्ही जुळले नाहीत तर यंत्र तो संदेश टाकून देतं. सगळा प्रकार ७० मिलिसेकंदांच्या आत आटोपतो.

हा काटेकोरपणा उगीच आलेला नाही. १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी बनवलेला ‘स्पेस कमांड’ रिमोट बाजारात आणला. त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, आणि कानाला ऐकू न येणारा तिचा नाद टीव्ही ओळखायचा. कोणी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला तरी कधीकधी चॅनेल बदलायचं.

पत्ता आणि हुकूम मिळून जे बनतं त्यालाच आपण ‘कोड’ म्हणतो. युनिव्हर्सल रिमोटमध्ये अशा कोडांचा साठा भरलेला असतो. तिथे कंपनीचं नाव निवडलं की काम झालं असं वाटतं, आणि तिथेच लोक अडकतात. एकाच कंपनीच्या दोन टीव्हींचे कोड वेगळे असू शकतात, तर दोन अनोळखी नावांच्या स्वस्त टीव्हींमध्ये एकच सर्किट बोर्ड असल्याने एकाचा रिमोट दुसऱ्यावर खुशाल चालतो. म्हणून टीव्हीच्या पाठीवरचा मॉडेल नंबर आणि जुन्या रिमोटवर छापलेला नंबर, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये असू द्यावेत. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत जाणार असाल तर हे फोटो कामाचे ठरतात. ‘टीव्ही काळा आहे, बत्तीस इंची’ एवढ्या माहितीवर तिथला निष्णात दुकानदारही काही करू शकत नाही.

साठ्यात कोड नसेल तर रिमोटला शिकवता येतं. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक यांनी १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा असाच शिकणारा रिमोट आणला होता. शिकवताना जुना आणि नवा रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, दोन-तीन बोटांच्या अंतरावर ठेवायचे. सेल नवे हवेत, थेट ऊन नको, आणि बटण हलकेच दाबून लगेच सोडायचं. दाबून धरलं तर अनेक रिमोट ‘पुन्हा तेच’ असा वेगळा छोटा संदेश पाठवू लागतात आणि नवा रिमोट गोंधळतो.

आरसी-५ची भानगड आणखी मजेदार आहे. त्यात प्रत्येक नव्या दाबाला एक बिट उलटतो, म्हणजे बटण दाबून धरलंय की दोनदा दाबलंय हे यंत्राला कळतं. साध्या पद्धतीने शिकलेल्या रिमोटमध्ये तो बिट गोठून जातो. मग ११ नंबरचं चॅनेल लावायला दोनदा १ दाबावं, तर बॉक्सला वाटतं बोट अजून उचललेलंच नाही, आणि १ नंबर लागतो. चांगला रिमोट शिकताना पद्धत ओळखतो आणि पुढे तो बिट स्वतः उलटवतो.

आता ‘एका स्पर्शात सगळं सुरू’ या आश्वासनाकडे येऊ. त्यामागे असतो मॅक्रो, म्हणजे ओळीने पाठवलेले हुकूम: टीव्ही चालू, बॉक्स चालू, साउंडबार चालू, टीव्ही एचडीएमआय २ वर. पण पुष्कळ यंत्रांना चालू आणि बंद यांसाठी एकच कोड असतो. चालू असेल तर बंद हो, बंद असेल तर चालू हो. समजा आजोबांनी दुपारी जुन्या रिमोटने फक्त टीव्ही बंद केला आणि बॉक्स तसाच राहिला. संध्याकाळी क्रिकेट बघायला नव्या रिमोटचं बटण दाबलं, की टीव्ही सुरू होतो आणि बॉक्स बंद. पुन्हा दाबलं तर अगदी उलट. रिमोटच्या रंगीत पडद्यावर मात्र दोन्ही वेळा ‘सर्व चालू’. तो पडदा खोलीतली स्थिती दाखवत नाही, रिमोटची समजूत दाखवतो.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की ही समजूत हमखास बिघडते. लाइट आल्यावर एखादं यंत्र आपोआप सुरू होतं, एखादं स्टँडबायवर बसून राहतं, आणि रिमोटला यातलं काहीच कळत नाही. याला उपाय आहेत. काही यंत्रांना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे स्वतंत्र कोडही असतात. मूळ रिमोटवर त्यांची बटणं नसतात, त्यामुळे ते शिकवता येत नाहीत, पण चांगल्या साठ्यात मिळतात. रिमोट निवडताना मी आधी हेच शोधेन. ‘टीव्ही एचडीएमआय २ वर’ यासाठीही तसाच स्वतंत्र कोड शोधावा. इनपुटचं एकच बटण पुन:पुन्हा दाबून यादीत पुढे सरकणारा मॅक्रो आज ना उद्या चुकणारच. स्वतंत्र कोड नसतील तर चालू-बंद मॅक्रोत न घालता वेगळं बटण ठेवलेलं बरं.

त्याहून सोपी एक वाट बहुतेकांच्या घरात आधीच पडून असते. एचडीएमआय केबलमधून यंत्रं एकमेकांशी दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. या सोयीचं नाव सीईसी. सॅमसंग तिला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू केली की टीव्हीच्या रिमोटनेच साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्हीबरोबर तोही बंद होतो. हे करून बघा आणि किती रिमोट उरतात ते मोजा. काहींना नवा रिमोट घ्यायची गरजच पडणार नाही.

एसी मात्र सीईसीच्या बाहेरचा, आणि युनिव्हर्सल रिमोटची खरी परीक्षा घेणारा. टीव्हीचा रिमोट ‘आवाज एक पायरी वर’ एवढंच सांगतो. एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला सगळी स्थिती नव्याने पाठवतो: चालू, कूल मोड, २४ अंश, पंखा मध्यम, झडप हलती. उडप्याकडे ‘अजून एक कॉफी’ म्हणण्याऐवजी दर वेळी डोशापासून सगळी ऑर्डर पुन्हा सांगावी, तसा हा प्रकार. म्हणूनच एसीच्या रिमोटला स्वतःचा छोटा पडदा असतो, आणि त्यावरचे आकडे त्या रिमोटच्या स्मरणातले असतात. आता ‘तापमान वाढव’ हे बटण नव्या रिमोटला शिकवलं तर तो काय शिकेल? त्या क्षणी पाठवलेली पूर्ण स्थिती, समजा २५ अंश. पुढे कितीही वेळा दाबा, २५च. शिवाय हे संदेश लांबलचक असल्याने स्वस्त शिकाऊ रिमोटच्या स्मृतीत मावतही नाहीत.

म्हणून एसीसाठी दोनच मार्ग. एक, साठ्यात आपल्या एसीचं मॉडेल असेल तर ते निवडणं, म्हणजे नवा रिमोट पूर्ण संदेश स्वतः रचतो. दुसरा, दोन-तीन ठरावीक स्थिती शिकवणं: ‘रात्री २६, पंखा मंद’, ‘दुपारी २४, पंखा जोरात’ आणि ‘बंद’. एप्रिल-मेमध्ये पुण्यात याहून जास्त बटणं कोण वापरतं? मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण इथे एकतर्फीपणाचा फायदा होतो. पूर्ण स्थितीच पाठवायची असल्याने आधी काय होतं याच्याशी देणंघेणं उरत नाही.

इंटरनेटवरचे कार्यक्रम बघायला टीव्हीला मागून खोचायच्या स्टिकची गोष्ट निराळी. फायर टीव्ही स्टिकला अवरक्त ग्राहकच नाही, तिचा रिमोट ब्लूटूथवर जोडला जातो. निव्वळ अवरक्त रिमोट कितीही महागाचा घेतला तरी तिच्यापुढे मुका. अशी स्टिक घरात असेल तर ब्लूटूथ किंवा वायफायवरून ती चालवू शकणारा रिमोट घ्यावा लागतो, नाहीतर तिच्यापुरतं सीईसीवर भागवावं.

टचस्क्रीनबद्दल माझं मत जरा कडू आहे. फिलिप्सने १९९८ मध्ये प्रॉन्टो नावाचा टचस्क्रीन रिमोट आणला आणि हव्या त्या जागी हवं ते बटण आखायची मुभा दिली, ही मोठीच गोष्ट होती. त्याच्यासाठी बनलेली कोड लिहायची भाषा आजही वापरात आहे. ‘०००० ००६डी’ अशी सुरुवात दिसली की हा ३८ किलोहर्ट्झचा कोड, हे जाणकार लगेच ओळखतो. आजच्या पडद्यांवर बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो, त्यावरून जागा कळते. पण बोट टेकण्याआधी बटण चाचपता येत नाही. टीव्ही बघताना नजर टीव्हीवर असते, आणि आवाज कमी करायला प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागते. ओल्या हाताने पडदा चुकीचं ऐकतो. वयस्कर माणसांची कोरडी बोटं तो कधीकधी मोजतच नाही. म्हणून आवाज, म्यूट आणि चॅनेल यांसाठी खरी बटणं आणि बाकीच्यासाठी पडदा असलेला रिमोटच घ्यावा. पडद्यावर एका पानात सहा-आठ बटणं पुरेत, आणि पहिल्या पानावर घरातले सगळ्यांत मोठे माणूस जे रोज वापरतात तेवढंच.

फोनलाच रिमोट करायचा तर शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये अवरक्त एलईडी असतोच, पैसे घालवण्याआधी त्यावर कोड तपासता येतात. नसेल तर वायफायवर चालणारा छोटा ब्लास्टर मिळतो. फोन त्याला वायफायवरून सांगतो, तो अवरक्तमध्ये ओरडतो. जोडणीत बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं: हे ब्लास्टर सहसा २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात, तेव्हा जोडणीपुरता तरी फोन त्याच पट्ट्यावर आणावा लागतो. अवरक्त प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे बेडरूमच्या एसीसाठी हॉलमधला ब्लास्टर निरुपयोगी. पांढऱ्या छतावरून आणि भिंतीवरून मात्र तो छान परावर्तित होतो. शोकेसच्या वरच्या फळीवर उघड्यावर ठेवला तर तोंड नेमकं टीव्हीकडे नसलं तरी चालतं. लाकडी दारामागे ठेवला तर नाही.

घेण्याआधी दुकानदाराला आणखी एक विचारा: कोड आणि मांडणी रिमोटमध्येच साठते की कंपनीच्या सर्व्हरवर? लॉजिटेकची हार्मनी ही या प्रकारातली सगळ्यांत नावाजलेली मालिका, तरी कंपनीने २०२१ मध्ये ती बनवणं थांबवलं. तिच्या वापरकर्त्यांना नवं यंत्र जोडायला आजही कंपनीच्या सर्व्हरवर विसंबावं लागतं. रिमोट घरी आणल्यावर परत करायच्या मुदतीतच राउटर बंद करून बघा. टीव्ही आणि एसी तरीही चालले तर ठेवा. जुने रिमोट भंगारात देऊ नका, पुढे एखादं बटण नव्याने शिकवायची वेळ येते. फक्त त्यातले सेल काढून ठेवा. वर्षभर पडून राहिलेला सेल गळला की स्प्रिंग गंजते, आणि शिकवायला मूळ रिमोटच उरत नाही.