२८ लिटरचा राक्षस आणि दीड लिटरची तहान

१९११ ची फियाट एस७६ ही गाडी चालू होतानाचा व्हिडिओ एकदा बघाच. चारच सिलिंडर (इंधनाचा स्फोट होतो ती नळकांडी), पण सगळ्यांची मिळून आतली जागा, म्हणजे इंजिन, २८.४ लिटरचं, म्हणजे एकेक सिलिंडरच सात लिटरचा, आजच्या सहा-सात छोट्या गाड्यांची इंजिनं मिळून होतात तेवढा. धूर काय, ज्वाळा काय, २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या चढावर ती पुन्हा पळाली तेव्हा लोक आ वासून बघत होते. आणि एवढं सगळं करून ताकद किती, तर साधारण २९० हॉर्सपॉवर. लिटरमागे जेमतेम दहा!

मग तेव्हाचे इंजिनियर खुळे होते का? अजिबात नाही. ताकद म्हणजे ढोबळमानाने एका स्फोटाचा जोर गुणिले मिनिटाला किती स्फोट. आता स्फोट वाढवायचे तर इंजिन जोरात फिरवायला पाहिजे, पण सिलिंडरमध्ये वरखाली होणारा पिस्टन जड, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह जड, स्प्रिंग त्यांना वेळेत बंदच करू शकायची नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे स्फोटाआधी मिश्रण दाबणं, वाढवावं तर पेट्रोल इतकं हलक्या प्रतीचं की ते अवेळीच पेटून इंजिन ठोकायला लागायचं. राहता राहिला एकच उपाय, सिलिंडर मोठा करा. १९०६ ला ल मान्सजवळ पहिली ग्रां प्री, म्हणजे मोठी मोटारशर्यत, झाली ती जिंकणारी रेनोसुद्धा १३ लिटरचीच होती.

१९१२ ला प्यूजोने हा हिशोबच उलटा केला. एका मोठ्या व्हॉल्व्हऐवजी दोन छोटे, म्हणजे सिलिंडरला चार, आणि ते उघडायला वरच दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे फिरते दांडे. छोटा व्हॉल्व्ह हलका म्हणून पटकन बंद होतो, आणि दोन भोकं मिळून हवा पण जास्त आत घेतात. त्या ७.६ लिटरच्या गाडीने फ्रान्समधल्या दिएपला ड्रायव्हर जॉर्ज ब्वालोच्या हातून फ्रेंच ग्रां प्री जिंकली, दुसरी आली ती १४.१ लिटरची फियाट. आज आपल्या साध्या गाडीच्या बॉनेटखाली जे असतं ना, ते बरंचसं हेच.

पुढे हवा नुसती ओढून घेण्याऐवजी कोंबायची आयडिया आली, सुपरचार्जर. १९२३ ला इटलीतल्या माँझाला फियाटने तो लावून युरोपियन ग्रां प्री मारली आणि मग सगळेच त्याच्या मागे लागले. १९३७ ची मर्सिडीज डब्ल्यू१२५ साडेपाचशेच्या वर हॉर्सपॉवर काढायची, तीही आजच्यासारखे टायर आणि ब्रेक नसताना. चालवणाऱ्यांचं धाडस म्हणायचं की वेड, मला अजून ठरवता आलेलं नाही.

याचा कळस म्हणजे अल्फा रोमियो १५९. दीड लिटर आणि ४२५ हॉर्सपॉवरच्या आसपास! पण हवा दाबली की तापते, म्हणून इंधनात भरपूर मिथेनॉल, ते वाफ होताना उष्णता शोषून घेतं, हातावर सॅनिटायझर लावल्यावर गार वाटतं तसंच. म्हणजे इंधनाचा बराचसा उपयोग नुसता गार ठेवायला, त्यामुळे एका लिटरला गाडी जेमतेम अर्धा-पाऊण किलोमीटर जायची.

१९५१ ला इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत अल्फाला हीच तहान नडली. फेरारीने साडेचार लिटरचं, सुपरचार्जर नसलेलं इंजिन आणलं, म्हणजे परत मोठंच! कमी पीत असल्याने फेरारीचा ड्रायव्हर गोन्झालेझचं एकदाच इंधन भरून भागलं, ड्रायव्हर फँजिओच्या अल्फाला दोनदा थांबावं लागलं, आणि फेरारीला फॉर्म्युला वन चॅम्पियनशिपमधला पहिला विजय मिळाला. त्या वर्षीचं विजेतेपद फँजिओने अल्फामधूनच मिळवलं म्हणा, पण पुढच्या सीझनला अल्फा उतरलीच नाही.