कर्लिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली, तरी जपान ऑलिंपिकला पोचलं कसं?

चवथीत आमच्या वाड्यावर फुगडीची स्पर्धा असते, पाच-सहा पथकं असतात आणि पहिला नंबर आला की वर्षभर कौतुक होतं. पण त्याच बायका तालुक्याच्या स्पर्धेला डिचोलीला जाऊन चौथ्या आल्या तर मी म्हणेन हे चौथेपण वाड्यावरच्या पहिल्या नंबरापेक्षा मोठं, कारण समोर कोण होतं ते बघायला नको? बायकांच्या कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळात, रँकिंगचे पॉइंट्स वाटताना हाच प्रश्न आधी विचारतात. टीम्स वर्षभर वेगवेगळ्या देशांत टूरच्या स्पर्धा खेळतात आणि जिथे रँकिंगमधल्या भारी टीम्स जास्त जमतात तिथे जिंकलं की पॉइंट्स जास्त, दुबळ्या स्पर्धेत जिंकलं तर कमी.

पण एवढा हिशोब करायचा तरी कशाला, सरळ एक फायनल घ्या आणि ठरवा, असं कोणी म्हणेल. तर आधी बर्फाकडे बघा. सुमारे ४५ मीटर लांब पट्टी, त्यावरून ग्रॅनाइटचा वीसेक किलोचा दगड सरकवायचा आणि तो पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा. बर्फ आरशासारखा गुळगुळीत नसतो बरं का, मॅचआधी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात, ते गोठून बारीक दाणे होतात आणि दगड त्या दाण्यांवरून जातो. मॅच चालू असताना दाणे झिजत जातात, म्हणजे मघाशी ज्या जोराने दगड बरोबर जागेवर थांबला त्याच जोराने आता वेगळीकडे जातो. पुढे दोघीजणी ब्रश घासत धावतात ना, त्याने बर्फ किंचित गरम होतो, घर्षण कमी होतं आणि दगड जास्त लांब, जास्त सरळ जातो. दहा एंड्सच्या (एंड म्हणजे एक डाव, त्यात प्रत्येक टीमचे आठ दगड) मॅचमध्ये एका टीमचे ८० दगड, आणि त्यातला एक चार बोटं पुढे गेला तरी मॅच फिरते. आता पणजीत एका दिवशी किती पाऊस पडला त्यावरून अख्खा पावसाळा कसा गेला ते कोण सांगेल? मोजमाप अनेकदा घेतलं की नशिबाचा वाटा कमी होत जातो, विज्ञानातली ही साधी गोष्ट इथे पॉइंट्सच्या रूपात येते.

२०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकचं उदाहरण मला फार आवडतं. ऑलिंपिकच्या जागा ठरवायला टूरच्या रँकिंगचे नव्हे, वर्ल्ड चॅम्पियनशिपचे वेगळे पॉइंट्स होते. तेव्हा २०१६ आणि २०१७ अशा दोन वर्ल्ड चॅम्पियनशिप धरल्या होत्या, पहिल्या नंबरला १४ पॉइंट्स, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, मग ९, ८, ७ असं उतरत बाराव्याला १. वरच्या तिघांत दोन-दोनचा फरक ठेवलाय, म्हणजे मेडलला जरा जास्त वजन. कॅनडाच्या बायका २०१६ ला चौथ्या आल्या, ९ पॉइंट्स, पुढच्या वर्षी एकही मॅच न हरता जिंकल्या, १४, झाले २३. रशिया तिसरी आणि मग दुसरी, २२. स्कॉटलंडचे पॉइंट्स मात्र ग्रेट ब्रिटनच्या खात्यात, कारण ऑलिंपिकला स्कॉटलंड वेगळं उतरत नाही.

आणि जपान! सात्सुकी फुजिसावाच्या टीमने २०१६ ला सिल्व्हर घेतलं, १२ पॉइंट्स. मग पॅसिफिक-एशिया स्पर्धेत, म्हणजे आपल्या भागाच्या चॅम्पियनशिपमध्ये, जपान मागे पडलं आणि २०१७ च्या वर्ल्डला जागाच मिळाली नाही, त्या वर्षाचे पॉइंट्स शून्य. (ही स्पर्धा आता नाही, २०२२ पासून अमेरिका खंडातले देशपण घेऊन पॅन कॉन्टिनेंटल होते.) बेरीज १२ वरच अडकली, पण यजमान कोरिया सोडून पॉइंट्सवर सात जागा होत्या आणि त्यातली एक जपानला मिळाली, उरलेल्या दोन जागांसाठीच्या पात्रता स्पर्धेत खेळावंच लागलं नाही.

प्योंगचांगला फुजिसावाच्याच टीमने ग्रेट ब्रिटनला ५-३ हरवून ब्रॉन्झ घेतलं, जपानचं कर्लिंगमधलं पहिलं ऑलिंपिक मेडल.