कोटा मिळवला एकाने, पॅरिसला गेला दुसरा : एअर रायफल निवडीच्या वादाची पार्श्वभूमी

पॅरिस ऑलिंपिकसाठी भारताचा एअर रायफल संघ २०२४ मध्ये ठरला, तेव्हा त्याची सर्वांत बोचरी चर्चा ठाणे आणि नवी मुंबईतल्या शूटिंग रेंजवर झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक जिंकून भारतासाठी या प्रकारातला कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधली एक जागा, मिळवणारा अठरा वर्षांचा नेमबाज ठाण्याचा होता, आणि पॅरिसला गेलेल्या दोघांत त्याचे नाव नव्हते. या निर्णयाकडे एका खेळाडूवरचा अन्याय किंवा एका संघटनेचा हट्ट म्हणून पाहिले, तर त्यामागचा बराच इतिहास नजरेआड होतो. गेल्या तीन-चार दशकांत या खेळाची साधने, गुणपद्धती आणि निवडीचे नियम अशा रीतीने बदलत गेले, की पहिल्या आणि पाचव्या नेमबाजातले अंतर दशांशांत मोजावे लागू लागले.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने वापरल्या होत्या, परंतु आजच्या खेळाशी त्यांचा संबंध दूरचा आहे. एअर रायफलला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९६६ मध्ये स्थान मिळाले, ऑलिंपिकमध्ये ती १९८४ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत आली आणि एअर पिस्तूल १९८८ मध्ये सोलला. त्या काळात आपल्याकडे एअरगन म्हटले की जत्रेतल्या फुग्यांचा फळाच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येई. गांभीर्याने नेम धरायचा असेल तर ठाणे, वाशी किंवा नेरूळहून रायफलची लांब पेटी सांभाळत लोकलने मुंबई गाठावी लागे आणि वरळीच्या रेंजवर लेन मिळण्याची वाट पाहावी लागे. नंतर पनवेल परिसरात आणि ठाण्यात सरावाची सोय झाली. दहा मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही, एखादे लांबट सभागृहही पुरते, आणि जागेची टंचाई असलेल्या या पट्ट्यात हा खेळ रुजण्याचे ते मोठे कारण आहे.

दुसरे कारण परवान्याचे. पूर्वी एअरगनला परवान्यातून सूट देताना जवळून झाडलेला छर्रा ठरावीक जाडीची लाकडी फळी भेदतो की नाही, हे पाहिले जाई. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्याऐवजी ऊर्जेची मर्यादा आणली. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्‍याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलमधून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा सात-आठ जूलच भरते. त्यामुळे शाळकरी मुलांच्या पालकांना पोलीस ठाण्याचे हेलपाटे घालावे लागत नाहीत, आणि घरात बंदूक आणण्याची भीतीही त्यामुळे बरीच कमी झाली.

साधनांचा प्रवास मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. जुन्या रायफली स्प्रिंग आणि दट्ट्यावर चालत. घोडा दाबल्यावर स्प्रिंग सुटे, जड दट्ट्या पुढे धावे आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच बंदूक हले. हा धक्का जिरवण्याच्या युक्त्या जर्मन कारखान्यांनी साठच्या दशकात शोधल्या. पुढे बाजूचा दांडा एकदा ओढून हवा दाबण्याच्या रायफली आल्या, त्यानंतर कार्बन डायऑक्साइडच्या, आणि नव्वदच्या दशकात नळीखालच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा आधीच भरून ठेवणाऱ्या रायफलींनी बाकीच्यांना स्पर्धेतून जवळपास हद्दपार केले. या रायफलीत धक्का जाणवत नाही, आणि प्रत्येक छर्‍यामागे तितकीच हवा सुटावी याची काळजी रेग्युलेटर घेतो. परिणामी आज जिल्हा स्पर्धेत उतरणारा चांगल्या ऐपतीचा मुलगा आणि जागतिक विजेता यांच्या हातात बहुधा त्याच तीन-चार युरोपीय कंपन्यांपैकी एकीची रायफल असते. वजनाची मर्यादा साडेपाच किलो, ती सर्वांना सारखी. साधनांमुळे पडणारा फरक असा आटत गेला. ज्याच्या घरी रायफलीचे लाखो रुपये नाहीत त्याच्यासाठी तो आटला नाही, हे ओघात नोंदवायला हवे.

उरलेला फरक देखभालीत दिसतो आणि कोकणपट्टीच्या हवेत ती कसोटीच असते. जूनपासून चार महिने नळीला गंज चढू पाहतो, शिशाच्या छर्‍यांवर पांढुरकी पूड धरते, आणि ताठ राहायला हवे ते कॅनव्हासचे जॅकेट दमट हवेने सैल पडते. हातपंपाने सिलिंडर भरताना आर्द्रता शोषणारा फिल्टर कोरडा नसेल, तर हवेबरोबर पाणीही आत जाते आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचते. म्हणून जाणते नेमबाज पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, नळी साफ करण्यासाठी तिच्यातून ठरावीक काळाने नमद्याच्या गोळ्या झाडतात, रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात देतात आणि खनिज तेल दाबाच्या हवेजवळ येऊ देत नाहीत, कारण त्या दाबाखाली ते पेट घेऊ शकते. सिलिंडरला निर्मात्याने साधारण दहा वर्षांची मुदत दिलेली असते. ती उलटलेला सिलिंडर बाहेरून नवाकोरा दिसला तरी वापरायचा नसतो, आणि जुनी रायफल विकत घेणारे नवखे नेमके तिथेच फसतात.

गुणपद्धतीतला बदल निवडीच्या वादाला सर्वांत जवळचा आहे. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा, छर्‍याची कड ठिपक्याला शिवली की पूर्वी पूर्ण दहा गुण मिळत. महिलांची पात्रता फेरी तेव्हा ४० फैरींची होती. नवी मुंबईतल्या एका नेमबाजाने २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरीही गाठली. तिच्या गुणांच्या पुढे जायला जागाच नव्हती. २०१३ पासून रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश धरले जाऊ लागले, मधोमध लागलेल्या छर्‍याला १०.९ मिळू लागले आणि ६० फैरींची कमाल ६५४ झाली. २०१८ पासून महिलांनाही ६० फैरी आल्या. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यामुळे कागद बदलत बसण्याचा वेळ वाचला, आणि डोळ्याला एकाच जागी लागलेले वाटणारे दोन छर्रेही वेगळे मोजता येऊ लागले.

आता मूळ वादाकडे येऊ. नियमानुसार ऑलिंपिकचा कोटा देशाला मिळतो आणि त्यावर कोणाला पाठवायचे, हे देश ठरवतो. हे पॅरिसच्या वेळी नव्याने घडले नाही. टोकियोसाठी २५ मीटर पिस्तूलमध्ये एका महिलेने मिळवलेला कोटा बदलून १० मीटर एअर रायफलच्या दुसऱ्या महिलेसाठी वापरला गेला होता, आणि तेव्हाही कुजबुज झाली होती. रिओ आणि टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमधून भारतीय नेमबाज रिकाम्या हाताने परतल्यावर निवड ताज्या कामगिरीवर व्हावी, या मागणीला जोर आला. त्यातून पॅरिससाठी एप्रिल-मे २०२४ मध्ये दिल्ली आणि भोपाळ येथे चार निवड चाचण्या घेण्याचे ठरले आणि चारपैकी सर्वोत्तम तीन कामगिरींना महत्त्व दिले गेले. पुरुषांच्या एअर रायफलमध्ये भारताकडे दोन कोटे होते : एक कैरोचा, दुसरा २०२३ च्या चांगवॉन येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतला. चाचण्यांनंतर दुसरा कोटा मिळवणारा नेमबाज संघात राहिला, पहिला मिळवणारा बाहेर गेला आणि त्याच्या जागी कोटा न मिळवलेला लष्करातला नेमबाज आला.

नियम आधी जाहीर झाला होता आणि सर्वांना सारखाच लागू झाला, ही समर्थकांची बाजू भक्कम आहे. कैरो आणि पॅरिस यांच्यात जवळपास दोन वर्षे गेली होती, आणि विशीतल्या नेमबाजाचा सूर तेवढ्या काळात चढू-उतरू शकतो. तरीही ठाण्यात उपस्थित झालेल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. जागतिक अंतिम फेरीतला दबाव ओळखीच्या रेंजवर, ओळखीच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर तयार करता येतो का? ज्याने तो दबाव पेलून दाखवला, त्याला पुन्हा शून्यापासून रांगेत उभे करणे कितपत योग्य? शिवाय याच नेमबाजाने सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ६३२.५ गुण मिळवून तिघांच्या १८९३.७ गुणांच्या सांघिक विश्वविक्रमात सर्वांत मोठा वाटा उचलला होता. ही कामगिरी चाचण्यांच्या सात-आठ महिने आधीची होती आणि तिला जुनी म्हणणे अवघड आहे. निवडीच्या गणितात जागतिक सुवर्णपदकाचे वजन याहून अधिक असायला हवे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पॅरिसच्या निकालाने वाद मिटला नाही, उलट दोन्ही बाजूंना दाखला मिळाला. पात्रता फेरीत ६३०.१ गुणांसह सातवा आलेला भारतीय पुढे अंतिम फेरीत चौथा राहिला आणि पदक अगदी थोडक्यात हुकले, ६२९.३ गुण मिळवणारा दुसरा भारतीय बारावा आला. साठ फैरींमध्ये मिळून ०.८ गुणांचा फरक, आणि क्रमांकात पाचचे अंतर. एवढ्या चिंचोळ्या जागेत कोणत्याही चाचणीने तिसऱ्या नेमबाजाला दुसऱ्यापेक्षा निःसंशय कमी ठरवता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ब्यूनस आयर्सच्या विश्वचषक स्पर्धेत ठाण्याच्या त्याच नेमबाजाने अंतिम फेरीत २५२.९ गुणांसह पुन्हा सुवर्णपदक मिळवले. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकसाठी कोटा मिळवणाऱ्याला निवडीत किती झुकते माप द्यायचे, हे पहिला कोटा हाती येण्याआधीच लेखी ठरावे, ही या पट्ट्यातल्या प्रशिक्षकांची मागणी त्यानंतर अधिक ठाम झाली आहे.